प्रस्तावना : पाणी पाइपाशी कसे वागते

पिण्याच्या पाण्याविषयी मराठवाड्यात जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक दोन प्रश्नांभोवती फिरते. पाणी आहे का, आणि असले तर ते पिण्याजोगे आहे का? या दोन प्रश्नांनी आपल्याला इतके भंडावून सोडले आहे की तिसऱ्याकडे लक्ष जायला सवड मिळत नाही. शुद्ध करून सोडलेले पाणी वाटेतल्या पाइपांचे, टाक्यांचे, तोट्यांचे काय करते आणि त्यांच्याकडून काय उचलून घरात पोचते, हा तो तिसरा प्रश्न. पुढची पाने त्यासाठी आहेत. त्यातही विशेष विचार आहे तो यंत्राने क्षार काढून टाकलेल्या पाण्याचा.

येलदरीच्या काठावर बसून निःक्षारीकरणाबद्दल लिहिणे काहींना विचित्र वाटेल. इथे समुद्र नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून १९६८ मध्ये पूर्ण झालेले हे धरण, त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच असलेले वीजघर, वीज करून खाली सोडलेले पाणी झेलणारा सिद्धेश्वर प्रकल्प आणि या साठ्यावर तहान भागवणारी जिंतूर-परभणीसारखी शहरे, असा हा सारा गोड्या पाण्याचा पसारा. नावामुळे एक गोंधळ मात्र नेहमी होतो. ज्या पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा पसरला आहे ती पूर्णा वेगळी. ती तापीला मिळते. येलदरीची पूर्णा गोदावरीला मिळते. खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारे असल्याने तिथल्या लोकांना क्षार काढण्याच्या यंत्राचे महत्त्व सांगावे लागत नाही. आपल्याकडे ते यंत्र दुसऱ्या वाटेने आले. बोअर खोल खोल गेले, पाणी जड झाले, काही ठिकाणी नायट्रेट तर काही ठिकाणी फ्लोराइड मर्यादेबाहेर गेले, आणि गावोगाव पत्र्याच्या खोलीत आरओचे (उलट परासरणाचे) संच उभे राहिले. आज परभणी जिल्ह्यात लग्नाच्या मांडवापासून शेतातल्या मजुरापर्यंत सगळे ‘फिल्टरचे पाणी’ पितात. हे फिल्टरचे पाणी म्हणजे निःक्षारीकरण केलेले पाणीच. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पात जे पडदे असतात त्याच जातीचे, कमी दाबावर चालणारे पडदे या खोल्यांत असतात.

जोवर हे पाणी प्लास्टिकच्या जारमधून घरी जाते तोवर गंजाचा प्रश्न फारसा उठत नाही. ते पाइपात शिरले की उठतो. एखादी ग्रामपंचायत ठरवते की जार वाहण्यापेक्षा संचाचे पाणी थेट टाकीत चढवू आणि चार सार्वजनिक नळांना जोडू. एखादे वसतिगृह, रुग्णालय किंवा साखर कारखाना आपल्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) लाइनीत आरओचे पाणी सोडतो. हेतू चांगला असतो आणि पाणी प्रयोगशाळेच्या कागदावर निर्दोष असते. काही महिन्यांत सांधे झिरपू लागतात, सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, तोटीची चकती बदलूनही गळती थांबत नाही. मग पाइप ‘नकली’ होता असे म्हणून सगळे मोकळे होतात. तो नकली असेलही. पण आधी पाण्याकडे बघायला हवे होते.

निसर्गात पाणी एकटे नसते. पावसाचा थेंब हवेतून कर्बवायू घेतो, मातीतून आणखी घेतो, त्याच्या जोरावर खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतो आणि बायकार्बोनेटच्या रूपात सोबत बाळगतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात हे सगळे भरपूर असते. आपल्या घागरींच्या तळाशी आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर त्याचाच. अशा पाण्याचा खडकाशी हिशेब मिटलेला असतो. लोखंडाशी किंवा सिमेंटशी गाठ पडली की ते थोडेफार घेते, थोडे ठेवते आणि शांत होते. आरओचा पडदा हा मिटलेला हिशेब पुन्हा उघडतो. विरघळलेले क्षार तो अडवतो, पण कर्बवायू हा वायू असल्याने पडद्यातून आरपार जातो. पलीकडे निघालेल्या पाण्यात आम्ल करणारा वायू आहे आणि आम्ल पचवणारे बायकार्बोनेट जवळजवळ नाही. पीएच साडेपाच-सहापर्यंत उतरतो, कठीणपणा दोन-पाच मिलिग्रॅमवर येतो. हे पाणी जे भेटेल त्यातून काहीतरी सोडवून घेणारच. लोखंड भेटले तर लोखंड, जस्त भेटले तर जस्त, सिमेंट भेटले तर त्यातला चुना.

ज्यांनी घरात पितळेची भांडी वापरलेली आहेत त्यांना या गोष्टीचे मर्म लगेच कळेल. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते. पातेले तेच, ताक तेच. मधला पातळ थर गेला की दोघांची गाठ पडते. पाण्याच्या पाइपात हा थर पाणीच घडवत असते. पुरेसा कॅल्शियम, पुरेशी अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची ताकद) आणि योग्य पीएच असेल तर पाइपाच्या अंगावर गंज आणि चुना मिळून एक घट्ट, चिवट आवरण बसते आणि पुढची झीज मंदावते. क्षार काढलेले पाणी असे आवरण घडवत नाही. आधीचे असेल तर तेही खरवडून नेते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये हा विचार आकड्यात बसवला. पाण्याचा प्रत्यक्ष पीएच घ्यायचा, आणि त्याच पाण्यात चुनखडी धड विरघळतही नाही व धड बसतही नाही असा पीएच गणिताने काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की निर्देशांक मिळतो. तो शून्याच्या आसपास असेल तर पाणी समतोल, अधिक असेल तर थर धरणारे, उणे असेल तर चुना विरघळवणारे. समजा, संचातून निघालेल्या पाण्याचा पीएच ६, कॅल्शियमचा कठीणपणा ५, अल्कलिनिटी १०, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ६० आणि तापमान ३० अंश आहे. निर्देशांक येतो उणे चार. आता समजा, धरणाच्या शुद्ध केलेल्या पाण्याचा पीएच ८, कॅल्शियमचा कठीणपणा ८०, अल्कलिनिटी १२० आणि टीडीएस २५० आहे. निर्देशांक शून्याच्या जरा वर येतो. पहिल्याचा पीएच सोडला तर दोन्ही पाणी पिण्यास योग्य आहेत आणि चवीला पहिले कदाचित सरस ठरेल. पाइपाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात काहीच साम्य नाही. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, एका एककाचा फरक म्हणजे दहापट, हे ध्यानात ठेवले म्हणजे उणे चारचा अर्थ नीट कळतो.

लँगेलियरचा निर्देशांक उपयोगी आहे, पण त्याला देव मानू नये. तो चुन्याबद्दल बोलतो. लोखंडाबद्दल थेट काही सांगत नाही. लोखंडासाठी क्लोराइड आणि सल्फेट यांचे बायकार्बोनेटशी प्रमाण बघावे लागते. लार्सनच्या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर रासायनिक तुल्यांकात काढतात. ते ०.८ च्या आत असेल तर काळजी कमी, १.२ च्या वर गेले तर लोखंड वेगाने जाते. समुद्राचे पाणी एकदा पडद्यातून काढले तरी लिटरला सत्तर मिलिग्रॅम क्लोराइड सहज राहू शकते, म्हणजे तुल्यांकात सुमारे २. अल्कलिनिटी फक्त १० असेल तर तुल्यांकात ०.२. सल्फेट बाजूला ठेवले तरी गुणोत्तर दहा झाले! अल्कलिनिटी शंभरपर्यंत वाढवली की ते एकावर येते. एकसुद्धा निर्धास्त आकडा नव्हे. म्हणून मोठ्या प्रकल्पांत क्लोराइड आणखी उतरवण्यासाठी पाण्याचा काही भाग दुसऱ्यांदा पडद्यातून काढण्याचा विचार करावा लागतो. क्षार परत घाला म्हणजे झाले, असे जे सोपे उत्तर दिले जाते ते अर्धेच आहे.

या विषयातली सर्वांत दुःखद घटना कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर घडली. त्या बेटाला तेव्हा समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करूनच प्यावे लागे. १९९६ मध्ये तिथल्या एका डायलिसिस केंद्राकडे जाणारा नवा पाइप बसवला गेला. आतून त्याला सिमेंटचे अस्तर होते आणि त्या सिमेंटात अॅल्युमिनियम जास्त होते. मऊ, क्षारहीन पाण्याने अस्तरातला कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम सोडवून नेला. पिणाऱ्या माणसाला यातून मोठा अपाय होत नाही, कारण आतडे त्यातले फार थोडे आत घेते. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यात एक पातळ पडदाच असतो. दहा रुग्ण दगावले. पाइप नवा होता, पाणी स्वच्छ होते, अस्तर पाइपाच्या संरक्षणासाठी होते. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर होती आणि त्यांची एकमेकांशी गाठ घालून कोणी पाहिली नव्हती. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचे कारण एवढ्यात आले आहे. पाण्याची गुणवत्ता एकट्या पाण्यात नसते. ते कशातून जाते आणि तिथे किती वेळ थांबते, यावर ती ठरते.

पाणी बदलले आणि पाइप तेच राहिले तर काय होते, याची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत. अॅरिझोनातल्या टूसॉन शहराने नोव्हेंबर १९९२ मध्ये विहिरींच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेले कोलोराडो नदीचे पाणी जुन्या वाहिन्यांत सोडले. घराघरांत तांबडे पाणी आले, पाइप फुटले आणि १९९४ मध्ये ते पाणी बंद करावे लागले. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये स्रोत बदलला आणि गंज रोखणारे फॉस्फेट घातलेच नाही. जुन्या शिशाच्या जोडण्यांतून शिसे मुलांच्या रक्तात गेले. दोन्ही ठिकाणी निःक्षारीकरणाचा संबंध नव्हता. संबंध होता तो बदलाचा. वाहिनीच्या आतला थर ज्या पाण्याने घडवला त्या पाण्याशी तो जुळलेला असतो. दुसरे पाणी आले की तो सुटू लागतो.

हे वाचताना परभणी जिल्ह्यातल्या माणसाने थोडे थांबावे. परभणी शहर आधी राहटीच्या बंधाऱ्यावरचे पाणी पीत असे, पुढे थेट येलदरीहून पाणी आणण्याची योजना झाली. नदी एकच असल्याने तो बदल सौम्य म्हणता येईल. पण गावांकडे पाहा. एकाच टाकीत पावसाळ्यानंतर योजनेचे पाणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोअरचे, मे महिन्यात टँकरचे, आणि आता कुठे कुठे आरओचे. टूसॉनमध्ये जे एकदा घडले ते आपल्याकडे वर्षातून तीन-चार वेळा घडते. त्याची नोंद होत नाही, कारण पाणी आले याचाच आनंद इतका मोठा असतो की त्याचा रंग कोण पाहणार?

धरणाचे पाणीसुद्धा बारा महिने एकसारखे नसते. येलदरीचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातला सुमारे १२५ मृतसाठा. धरण भरलेले असते तेव्हा वरच्या थरातले, हवा खेळलेले पाणी मिळते. अवर्षणाच्या सालात साठा मृतपातळीकडे उतरतो तेव्हा तळाचे पाणी उपसावे लागते. त्यात प्राणवायू कमी, लोह आणि मँगेनीज जास्त, आणि महिनोनमहिने बाष्पीभवन झाल्याने क्षारही वाढलेले असतात. ते शुद्ध करायला जास्त तुरटी लागते. तुरटी अल्कलिनिटी खाते आणि मागे सल्फेट ठेवते. क्लोरीन जास्त लागतो, त्यातून क्लोराइड वाढते. म्हणजे लार्सनच्या गुणोत्तराचा वरचा आकडा वाढला आणि खालचा घटला. पाणी कमी असते तेव्हाच ते वाहिनीला जास्त जाचते. टंचाईच्या आराखड्यात टँकरचा, विहीर अधिग्रहणाचा रकाना असतो. वाहिनीला होणाऱ्या या जाचाचा रकाना अजून कोणी आखलेला नाही.

शिवाय आपला पुरवठा खंडित आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांत वाहिनी नेहमी भरलेली असते, असे गृहीत धरलेले असते. मराठवाड्यात कित्येक शहरांत नळाला दोन पाळ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर असते. पाणी बंद झाले की उंचावरचा पाइप रिकामा होतो, ओलसर भिंतीला हवा लागते, गंज पापुद्र्यांनी सुटतो. सखल भागातला पाइप अर्धा भरलेला राहतो. तिथे साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि गंजाच्या गाठींतले लोह विरघळून पाण्यात उतरते. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, पहिला लोंढा हे सगळे उचलून घराकडे नेतो, त्याला हवा लागते आणि पाणी तांबडे होते. त्या लोहाने क्लोरीनही खाऊन टाकलेला असतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहावा ही अपेक्षा. ती नेमकी इथे मोडते. गंजाला लोक पाइपाचा खर्च समजतात. माझ्या लेखी तो आधी अतिसार-काविळीचा प्रश्न आहे, पाइपाच्या किमतीचा त्यानंतर. आठ दिवसांनी आलेले पहिले पाणी सोडून द्या, असे सांगणेही सोपे नाही. बायका ते भांड्यांना आणि सांडण्या-लवंडण्याला बाजूला भरून ठेवतात, आणि त्या बरोबर करतात.

महाराष्ट्रात समुद्राच्या पाण्यावरचा मोठा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने मनोरीला योजला आहे. पहिल्या टप्प्यात दिवसाला २० कोटी लिटर, पुढे दुप्पट. सल्लागार म्हणून नेमलेली इस्रायलची आयडीई कंपनी अॅश्केलॉन आणि सोरेक इथल्या प्रकल्पांमागे होती. अॅश्केलॉनचा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला जगातला सर्वांत मोठा पडदा-प्रकल्प म्हणत. तिथल्या अनुभवातून इस्रायलने तयार पाण्यासाठी खालच्या मर्यादाही ठरवल्या : कॅल्शियमचा कठीणपणा ८० ते १२०, अल्कलिनिटी ८० च्या वर, पीएच ८.५ च्या आत, आणि चुनखडी बसवण्याची क्षमता लिटरला ३ ते १० मिलिग्रॅम. हे पाणी शेतीलाही गेले आणि पिकांना मॅग्नेशियम कमी पडते, बोरॉन जाचतो, हे तिथे लक्षात आले. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे ते मुळातच मऊ. विहारचे पाणी १८६० पासून आणि तानसाचे १८९२ पासून शहरात येत आहे. जाळ्याचे काही भाग फार जुने आहेत. शहराच्या एकूण पुरवठ्यात मनोरीचा वाटा लहानच राहील. पण पाणी शहरभर सारखे मिसळत नाही. प्रकल्पाजवळच्या उपनगरांत ते जवळजवळ निखळ पोचेल आणि कुठे कोणते पाणी पोचते ती सीमा मागणीनुसार रोज सरकेल. त्या सरकत्या पट्ट्यातल्या पाइपांची परीक्षा सर्वांत कडक असणार.

क्षार परत घालायचे म्हणजे किती, याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा म्हणून इथे देतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम चुनखडी विरघळवायची तर ४४ मिलिग्रॅम कर्बवायू लागतो. मनोरीच्या पहिल्या टप्प्यासाठी याचा अर्थ दिवसाला २० टन चुनखडी आणि जवळजवळ ९ टन कर्बवायू. साठवण, वाहतूक, वायूच्या टाक्या, गढूळपणावर लक्ष, हे सगळे आले. आता गावातला संच घ्या, दिवसाला दहा हजार लिटरचा. चुनखडी लागते एक किलो. एका उभ्या नळकांड्यात शुद्ध चुनखडीचे खडे भरायचे आणि पडद्यातून निघालेले पाणी त्यातून हळू वर चढवायचे. पाण्यात आधीच असलेला कर्बवायू त्यातला काही चुना विरघळवतो, पीएच वर येतो. वायू कमी पडला तर शंभरचा पल्ला गाठता येत नाही, पण उणे चारचे पाणी उणे एकापर्यंत आणणे ही काही लहान गोष्ट नव्हे. इतके स्वस्त साधन असताना बहुतेक संचांत ते नसते. विक्रेता टीडीएसचा पेन बुडवून ‘बघा, तीस!’ म्हणतो आणि घेणारा खूश होतो. आकडा जितका कमी तितके पाणी चांगले, ही समजूत या पेनाने घराघरांत रुजवली आहे आणि माझ्या मते तिने बरेच नुकसान केले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या आत असलेल्या ठिकाणी आरओच्या वापराला हरकत घेतली, तेव्हा चर्चा वाया जाणाऱ्या पाण्याची झाली. पाइपात काय होते याची झाली नाही.

दोष विक्रेत्याचाच नाही. भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५०० (२०१२), टीडीएसला ५०० ही वरची स्वीकार्य मर्यादा देते, कठीणपणाला २००, अल्कलिनिटीला २००. उरलेला क्लोरीन सोडला तर खालची मर्यादा फक्त पीएचला आहे, ६.५. कठीणपणा ३ आणि अल्कलिनिटी ५ असलेले पाणी पीएच जरा वर आणला की कागदावर उत्तीर्ण होते. हे मानक पाणी पिणाऱ्याला समोर ठेवून लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. वितरणासाठी, निदान निःक्षारित पाण्यासाठी, खालच्या मर्यादांचे वेगळे कलम हवे, असे मला ठामपणे वाटते.

मोजण्याबद्दल पुढे बरेच सविस्तर येईल. इथे एवढेच सांगतो की सुरुवात करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवले गेले. त्या संचात पीएच, अल्कलिनिटी, कठीणपणा, क्लोराइड, लोह, उरलेला क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, एवढ्या तपासण्या सहसा असतात. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी त्या बाटल्या उघडल्या जातात आणि बाकीचे आकडे नोंदवून विसरले जातात. लँगेलियरला लागणारे जवळजवळ सगळे तिथे हजर आहे. त्याला थर्मामीटर आणि तो टीडीएसचा पेन जोडला की झाले. हेच आकडे टाकीजवळ आणि शेवटच्या नळाला, असे दोन ठिकाणी घेतले तर फरक स्वतःच बोलतो. वाटेत लोह वाढले, क्लोरीन घटला, पीएच चढला. लोह वाढले म्हणजे लोखंड जात आहे. पीएच नऊच्या पुढे चढला म्हणजे सिमेंटच्या अस्तरातला चुना जात आहे.

त्याहून सोपी आणि माझ्या आवडीची तपासणी संगमरवराची. बाटली काठोकाठ भरायची, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर पूड टाकायची, हवा न राहता बूच लावायचे, हलवून रात्रभर ठेवायचे. सकाळी गाळून अल्कलिनिटी पुन्हा तपासायची. ती जितकी वाढली तितका चुना हे पाणी खाऊ शकते. कोणत्याही सूत्राशिवाय उत्तर हातात. शाळेतला फळ्यावरचा खडू मात्र यासाठी वापरू नये, तो बहुधा जिप्समचा असतो आणि उत्तर चुकते.

धातूची झीज मोजायला कूपन हवे. तोलून ठेवलेली पोलादाची पट्टी वाहिनीत बसवायची, तीन महिने, सहा महिने, वर्षाने काढायची, गंज साफ करून पुन्हा तोलायची. घटलेल्या वजनावरून वर्षाला किती जाडी गेली हे निघते. पहिल्या महिन्याचा वेग फसवा असतो, तो नेहमी जास्त येतो. आणि सरासरीवर विसंबू नये. अर्ध्या इंची मध्यम दर्जाच्या जीआय पाइपाची भिंत २.६ मिलिमीटर, वर्षाला ०.१ मिलिमीटर सारखी झीज झाली तर तो पंचवीस वर्षे टिकावा. प्रत्यक्षात झीज एका ठिकाणी टोचत जाते आणि दोन-तीन वर्षांत भोक पडते. म्हणून पट्टी भिंगाखाली पाहायची, खड्ड्यांची खोली मोजायची. घरातल्या शिशासाठी आणि तांब्यासाठी तिसरी पद्धत आहे. रात्रभर तोटी बंद ठेवून पहाटेचे पहिले लिटर घ्यायचे. आपल्याकडे शिशाचे पाइप नाहीत म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ आहेत. पितळी तोट्यांत शिसे असते, आणि पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून शिशाची संयुगे वापरली जात होती. ती हटवण्याचे नियम २०२१ मध्ये आले. त्याआधीचे पाइप जमिनीत आणि भिंतीत आहेतच.

उपायांच्या क्रमाबद्दल माझे मत पुस्तकभर दिसेल. ते इथेच उघड करतो. आधी पाणी समतोल करावे, मग ते समतोल टिकवावे, आणि फॉस्फेटसारखी गंजरोधक औषधे सर्वांत शेवटी. ब्रिटनमध्ये फॉस्फेटने शिशाचा प्रश्न आटोक्यात ठेवला आहे. तिथे मात्रा सहसा चुकत नाही. जिथे वीज जाते, औषध संपते आणि कर्मचारी एकटा चार गावे पाहतो तिथे अशा औषधावर भिस्त ठेवणे धोक्याचे, कारण मात्रा थांबली की थर सुटतो. चुनखडीचे नळकांडे विजेवाचून काम करते आणि मात्रा चुकली तरी पाणी बिघडवत नाही. कळीचा चुना स्वस्त, पण हात जड झाला की पीएच साडेआठच्या पुढे जातो, क्लोरीनचा जोर ओसरतो आणि मीटर पांढरे होऊन बसतात. नवीन कामात आरओचे पाणी जीआयमध्ये सोडूच नये, एचडीपीईचा प्लास्टिक पाइप वापरावा. पितळ-तांब्याच्या जोडणीनंतर जीआय पाइप लावू नये. जलकुंभाच्या घुमटाची आतली बाजू दरवर्षी पाहावी, कारण क्लोरीनची वाफ तिथे साठते आणि गज फुगून सिमेंट आधी तिथेच सुटते. वाहिनी शक्यतो भरलेली ठेवावी. दिवसाआड दोन तास पाणी देणारी योजना रोज एक तास देऊ शकली तर गंजाच्या बाजूने तो फार मोठा फायदा आहे, मग एकूण पाणी तेवढेच का असेना.

हे पुस्तक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा जलसुरक्षकांना, जीवन प्राधिकरणाच्या आणि नगरपालिकांच्या शाखा अभियंत्यांना, ग्रामपंचायतीच्या पाणी समितीतल्या बायकांना डोळ्यांपुढे ठेवून रचले आहे. सूत्रे कोरी सोडलेली नाहीत. प्रत्येकाबरोबर सोडवलेले उदाहरण आहे आणि आकडे आपल्या विहिरी-धरणांत आढळतील अशा बेताचे घेतले आहेत. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी संगमरवराच्या तपासणीचे आणि नमुने घेण्याचे प्रकरण आधी वाचावे.

एक विनंती अभियंत्यांना. दुरुस्तीच्या वेळी जुना पाइप कापला की तुकडा भंगारात जातो. तो विकू नका. हातभर लांबीचा तुकडा वाळवून ठेवा, त्यावर रंगाने गाव, गल्ली, बसवल्याचे वर्ष आणि त्या वर्षांत कोणकोणते पाणी त्यातून गेले ते लिहा. उभा चिरून आतला थर किती जाड आहे, रंग काय, खड्डा किती खोल, हे वहीत मांडा. नवे पाणी त्या लाइनीत सोडायची वेळ येईल तेव्हा असेच दोन-तीन तुकडे नव्या पाण्याच्या टाकीला जोडून, पुरवठ्याच्या पाळ्या सांभाळून, तीन महिने चालवून पाहा. सोडलेल्या पाण्यात रोज लोह मोजा. ते उतरत गेले नाही तर चावी उघडू नका.